दादूकाकांचा आठवडा

दादूकाकांना मी पहिल्यांदा पाहिलं ते माझ्याच लग्नाच्या पंक्तीत. तळेऱ्याला आमच्या घरासमोर मांडव होता आणि वऱ्हाड तारकर्लीहून आलं होतं. जेवणं उरकत आली होती. एक बुटकेसे, टक्कल पडलेले, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातले गृहस्थ हात मागे बांधून पंक्तीतून सावकाश चालले होते. बघत होते ते माणसांकडे नाही, त्यांच्या पानांकडे. मध्येच वाकायचे, 'हं' म्हणायचे, पुढे जायचे. मला वाटलं, कुणाची तरी अंगठी हरवली असावी. माझ्यासमोर येऊन ते थांबले, माझ्या पानाच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "वालीची भाजी तुका आवडणा नाय काय गो?"

नवी नवरी काय बोलणार? मी खाली मान घालून ती भाजी एका घासात गिळून टाकली.

"आता आवडता," ते समाधानानं म्हणाले आणि पुढच्या पानाकडे वळले.

हे माझे चुलतसासरे. तीस वर्षं मालवाहू बोटींवर स्वयंपाकी होते. बायको लवकर गेली, मुलगी इन्सुलीला दिलेली, म्हणून निवृत्त झाल्यावर ते तारकर्लीला आमच्याकडेच राहायला आले. पानं बघायची ही सवय बोटीवरचीच. "माणूस तोंडान खोटा बोलता," ते मला नंतर समजावून सांगत. "बरा झाला, बरा झाला म्हणता. पान खोटा बोलणा नाय. पानात काय उरला ता बघूचा आणि दुसऱ्या दिवशी काय करूचा ता ठरवूचा."

पहिली काही वर्षं त्यांनी हे ज्ञान स्वतःपाशीच ठेवलं, कारण स्वयंपाकघर सासूबाईंच्या ताब्यात होतं. आई काकांपेक्षा चार वर्षांनी मोठ्या आणि दिराला आपल्या चुलीपाशी उभं करायला मुळीच तयार नव्हत्या. "बोटीर शिजयल्यात ता खलाशांनी खाल्ल्यानी. त्येंका पळान जावक जागा नव्हती," असं त्या म्हणत.

मग तो वाईट पावसाळा आला. माझा नवरा सुहास पर्यटकांना बोटीतून फिरवतो, म्हणजे मे संपला की चार महिने काम बंद. त्या वर्षी सीझन संपता संपता बोटीचं इंजिनही गेलं आणि साठवलेलं सगळं त्यात घालावं लागलं. त्यातच शाळेच्या तपासणीत आमच्या थोरलीचं, मिनूचं, रक्त फार कमी निघालं. अकरा वर्षांची पोर जिना चढली तरी दमायची. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि आहाराची एक यादी दिली. डाळिंब, सफरचंद, बीट, खजूर, अंजीर, सुका मेवा.

सुहासनं ती यादी वाचली, घडी घातली, पुन्हा उघडली आणि पुन्हा वाचली, जणू दुसऱ्यांदा वाचल्यावर त्यात तांदूळ निघणार होता. काकांनी ती त्याच्या हातातून घेतली, चष्मा लावला.

"सगळा बरा आसा," ते म्हणाले. "पण ह्यो पेशंट खंयचो? तारकर्लीचो काय काबूलचो?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते छत्री आणि टोपली घेऊन बाहेर पडले. तासाभरानं परतले ते गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन. टोपलीत रस्त्याकडेचा कोवळा टाकळा, शेजारच्या कुंपणावरचा शेवग्याचा पाला आणि अळू. मग त्यांनी माळ्यावरचा सुका जवळा काढला, माझ्या माहेरची नाचणी आणि कुळीथ काढले आणि सगळं ओट्यावर ओळीनं मांडलं. "आठवड्याचा सामान झाला. बाजारातसून अंडी आणि लिंबा हाडूची. बस."

जुन्या कॅलेंडरच्या पानामागे जाड काळ्या पेनानं त्यांनी आठवडा लिहिला आणि स्वयंपाकघराच्या दाराला टांगला. सोमवारी काळ्या वाटाण्याचं सांबारं. मंगळवारी जवळा घालून टाकळा. बुधवारी कुळथाची पिठी, गुरुवारी मोड आलेले मूग, शुक्रवारी अंडी. रविवारी खाडीत मिळतील त्या तिसऱ्या शिंपल्या किंवा कुर्ल्या खेकडे. शनिवारी आठवडाभरात जे जे उरलं असेल त्या सगळ्याची एक पातळ खिचडी. तिला बोटीवरचं नाव होतं: कप्तान खूश. तो कुठला कप्तान आणि तो नक्की कशामुळे खूश झाला, हे आम्हाला कधीच कळलं नाही.

खाली दोन नियम होते. प्रत्येक जेवणात लिंबू. आणि जेवणाच्या आधी एक तास व नंतर एक तास चहा नाही.

आईंनी नियम वाचले. जेवून हात धुतला की त्यांना चहा लागत असे, गेली पन्नास वर्षं.

"चाय कित्याक नाय?"

"पाल्यात लोखंड आसता वयनी. वर चाय घेतली काय ता अंगाक लागणा नाय."

"लोखंड?" आई कडाडल्या. "भावजी, तुमी माझ्या नातीक जेवाण घालतास काय तिचो नांगर करतास?"

युद्ध सुरू झालं. आई दुपारी जेवल्यावर "देवळात जातंय" म्हणून बाहेर पडू लागल्या आणि शेजारच्या घरात चहा घेऊन येऊ लागल्या. इतकी भक्ती त्यांनी त्याआधी कधी दाखवली नव्हती. धाकट्या तन्वीनं शाळेत 'माझा शत्रू' या विषयावर टाकळ्याबद्दल दहा ओळी लिहिल्या. 'तो पावसात उगवतो आणि माझे काका-आजोबा त्याला शोधून काढतात' अशी सुरुवात होती. बाईंनी खाली 'निरीक्षण छान' असा शेरा दिला. काकांनी तो अख्ख्या वाडीत दाखवला.

खरी लढाई मात्र नारळावरून झाली. आमच्या घरामागच्या परड्यात आठ माड आहेत. त्या वर्षी नारळ विकून घर चालत होतं, म्हणून काकांनी घरच्या वापरासाठी तीन दिवसांना एक नारळ असा नियम केला आणि बाकीच्या प्रत्येक नारळावर खडूनं नंबर घातला. मालवणी बाईला तीन दिवसांना एक नारळ म्हणजे काय, हे मालवणी माणसाला सांगायला नको. आई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी चौदा नंबरचा नारळ गायब झाला.

काकांनी चौकशी बसवली. आम्हा सगळ्यांना ओटीवर उभं केलं.

"चवदा नंबर खंय गेलो?"

"मांजरान खाल्ल्यान असतलो," आई शांतपणे म्हणाल्या.

"मांजरान? नारळ?"

"आजकालची मांजरा काय पण खातत."

मांजर तिथेच पायरीवर बसलं होतं. त्यानं काकांकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. काका म्हणाले, पुरावा नाही, प्रकरण खुलं ठेवतो.

चार दिवसांनी आरोग्य केंद्रातल्या ताई आईंची साखर तपासायला आल्या. त्यांनी जुने रिपोर्ट मागितले. आईंनी कंबरेची किल्ली काढली, स्वतःच्या कपाटाचं दार उघडलं, आणि चौदा नंबर साड्यांमधून सुटला. धाडकन जमिनीवर पडला, ताईंच्या चपलेला वळसा घालून घरंगळत गेला आणि नेमका काकांच्या पायाशी जाऊन थांबला. नंबर वर करून.

काकांनी तो उचलला, कानाशी हलवून आत पाणी आहे का ते ऐकलं.

"वयनी," ते म्हणाले, "मांजार हुशार निघाला. कुलूप लावक पण शिकला."

तन्वी आधी फुटली, मग मी, मग त्या ताई. आई मात्र हसल्या नाहीत. त्या पलंगावर बसल्या आणि एकदम त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "माका चोरूचा नव्हता," त्या म्हणाल्या. "आमटेक नारळ नाय तर माका जेवल्यासारख्याच वाटणा नाय. ह्या घरात मी काय खाऊचा ता आता माका कोण इचारणासुदा नाय."

काकांचं हसू मावळलं. ते नारळ हातात घेऊन बराच वेळ ओटीवर बसले. संध्याकाळी मी भांडी लावत होते तेव्हा दारात येऊन उभे राहिले.

"एका फेरीक आमच्या बोटीर केरळचो एक खलाशी होतो," ते म्हणाले. "पंधरा दीस त्येचा ताट भरलेलाच परत येय. मी मीठ बदललंय, तिखट बदललंय. शेवटी इचारलंय, तुका काय व्हया रे? तर तो रडाक लागलो. जेवाण वायट नव्हता गो. त्येका कोणी इचारूक नव्हता." मग म्हणाले, "आणि मी घरात येवन तीच चूक केलंय."

त्या रविवारी त्यांनी नवीन कागद टांगला. भाज्या त्याच, नियम तेच, पण सोमवार ते शुक्रवार प्रत्येक वारापुढे एकाचं नाव. त्या दिवशी त्या माणसानं एक गोष्ट मागायची आणि ती, परवडेल त्या रूपात, मिळणार. सोमवार आईंचा: सांबाऱ्यात पूर्ण नारळ, कुणी मोजायचा नाही. बदल्यात आईंनी चहा तासभर पुढे ढकलला. त्या घड्याळासमोर खुर्ची टाकून बसायच्या, पण ढकलला. मंगळवार सुहासचा. बुधवार मिनूचा, तिला फणसाची उकडलेली आठळी दप्तरात न्यायची होती, कारण एकदा नेली तेव्हा मैत्रिणीला ती दगड वाटली होती. गुरुवार तन्वीचा. तिनं आइस्क्रीम मागितलं. काकांनी गूळ घालून नाचणीची खीर केली, फ्रीजरमध्ये घट्ट केली आणि वाटीत बिस्कीट खोचून दिली. तन्वीनं ती चाखली, विचार केला आणि म्हणाली, "हे आइस्क्रीम नाही. पण उद्या पण करा."

शुक्रवार माझा होता. मी म्हटलं, "मला शुक्रवारी चुलीजवळ जायचं नाही."

सुहास हसला. काका हसले नाहीत. त्यांनी कागदावर माझ्या नावापुढे लिहिलं, 'मंजूर', आणि पेन सुहासच्या हातात दिलं. "शुक्रवारी अंडी तू करतलंस." पहिल्या शुक्रवारच्या अंड्यांत मीठ नव्हतं, दुसऱ्या शुक्रवारी दोन्ही आठवड्यांचं होतं. तिसऱ्या शुक्रवारपासून मी ओटीवर पाय पसरून बसते आणि ते अजून चालू आहे.

गणपतीनंतर मिनूचं रक्त पुन्हा तपासलं. ते चांगलं वाढलं होतं. डॉक्टर खूश होऊन म्हणाले, "बघा, डाळिंबं सुरू केल्याचा फरक!"

काका इस्त्रीचा शर्ट घालून मुद्दाम सोबत आले होते. ऑफिसातली मराठी काढून ते अदबीनं म्हणाले, "डॉक्टरसाहेब, डाळिंब आम्ही फक्त तुमच्या यादीत पाहिलं." मग त्यांनी टाकळ्याची कृती सांगायला सुरुवात केली. बाहेर रांग वाढत होती. डॉक्टरांनी शेवटी कागद घेऊन लिहून घेतली.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर काकांच्या मुलीचा फोन आला. तिला नोकरी लागली होती, घरात तान्हं बाळ होतं, बाबा इन्सुलीला हवे होते. ते गेले आणि तिथलेच झाले. दीड वर्षानं एका सकाळी, मुलीच्या सांगण्याप्रमाणे, बाळाची पेज गाळून ठेवली, जरा आडवा होतो म्हणाले आणि उठले नाहीत. पण मला आठवतो तो तारकर्लीतला त्यांचा शेवटचा रविवार.

मी पुढच्या आठवड्याचा कागद लिहायला बसले होते. नावं लिहिता लिहिता हात थांबला. आम्ही घरात सहा माणसं. नावं पाचच. वर्षभर रोज तो कागद समोर होता आणि आमच्यापैकी कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं.

"काका, तुमचा वार कुठला?"

"माझो?" ते गोंधळले. "माझो वार कित्याक? मी करणारो."

"मागा काहीतरी," आई म्हणाल्या. त्यांचाही चेहरा पडला होता.

काकांनी टकलावरून हात फिरवला. खाली बघितलं. मग, लहान मूल चोरी कबूल करतं तशा आवाजात म्हणाले, "केक."

"केक?" आम्ही सगळे.

"बेकरीचो. गुलाबी. वर नाव लिवलेलो." ते भराभर बोलू लागले. "बोटीर सगळ्यांच्या वाडदिवसाक केक मीच करी. कप्तानापासून साफसफाईवाल्यापर्यंत. कुकाक केक कोण करतलो? आणि आपल्याच केकार आपलाच नाव लिवक माका लाज वाटे."

सुहास चप्पल शोधत न बसता तसाच अनवाणी मोटारसायकलवर बसला आणि मालवणला गेला. केक आला तेव्हा रस्त्यातल्या खड्ड्यांनी एका बाजूला सरकला होता. वर लिहिलं होतं 'हॅपी बर्थडे दादू'. 'काका'ला जागा उरली नव्हती आणि वाढदिवस कुणाचाच नव्हता. आम्ही गाणं म्हटलं. काकांनी चष्मा लावून केकचं चारही बाजूंनी परीक्षण केलं.

"मैदो, साखर आणि रंग," ते म्हणाले. "ह्येच्यात पौष्टिक म्हणान कायच नाय." आणि सवयीनं सुरी उचलून सहा सारखे भाग आखायला लागले.

आईंनी त्यांच्या हातातून सुरी काढून घेतली. "भावजी, आज तुमी कापूचा नाय. बसा."

"पण वयनी, सारखे व्हयेत..."

"बसा म्हटलंय."

ते बसले. आईंनी वाकडातिकडा, नाव असलेला अर्धा केक कापला आणि तो अख्खा त्यांच्या ताटलीत ठेवला. एवढं कसं खाणार, असं काहीतरी ते पुटपुटले. मग खायला लागले. कुणाकडे बघितलं नाही, कुणाला काही विचारलं नाही, नाकाला गुलाबी क्रीम लागलं ते पुसलं नाही. आम्ही पाचजण उभे राहून बघत होतो.

ताटली रिकामी झाली. त्यांनी ती दोन्ही हातांनी आईंपुढे धरली.

"वयनी," ते म्हणाले, "वायच आणखी घाला."