हरभऱ्याच्या शेतातील नारिंगी पट्टा

निवृत्तीनंतर काय करू नये हे सांगणारे कोणी भेटले नाही, म्हणून मी कॅमेरा घेतला. चिखलीच्या आमच्या छायाचित्र मंडळाचा एक नियम आहे. नव्या सभासदाने आपले छायाचित्र पडद्यावर लावून सर्वांसमोर त्याचे विवेचन करायचे. ते पटले, तरच छायाचित्र प्रदर्शनात लागते. मी आयुष्यभर महाविद्यालयात कवितांचे रसग्रहण शिकवले खरे, पण तिथे पाठ्यपुस्तकाचा आडोसा होता. मंडळात मी वर्षभर शेवटच्या खुर्चीवर बसून फक्त टाळ्या वाजवल्या.

अखेर एक छायाचित्र असे निघाले की ते भिंतीवर लागावे, असे मला मनापासून वाटू लागले. उंद्रीच्या शिवारात, धुक्यातल्या सकाळी, रस्त्यावरूनच काढलेले. उंद्री ही माझी सासुरवाडी. मेव्हण्याकडे गेलो असतो तर सगळ्या घरासमोर कॅमेरा दाखवावा लागला असता. त्या कल्पनेनेच मी स्कूटर परस्पर वळवली आणि घरी ‘इथेच फिरून आलो’ एवढेच सांगितले.

बैठकीला पत्नीही आली होती. मी कागद धरून उभा राहिलो. “पुढे हरभऱ्याचा गडद हिरवा रंग,” मी वाचले, “मागे धुक्याचा करडा. दोहोंना सांधणारा हा अस्पष्ट नारिंगी पट्टा दृष्टीला डावीकडून उजवीकडच्या बाभळीपर्यंत नेतो. ही फुललेली करडई. तिच्या काट्यांमुळे गुरे आत शिरत नाहीत, म्हणून आपल्याकडे हरभऱ्याभोवती ती पेरतात.” कुणी हसले नाही, तसा माझा धीर वाढला. “या चौकटीत मानवी अस्तित्वाची एकही खूण नाही. निसर्ग, आणि केवळ निसर्ग.”

“अहो,” तिसऱ्या रांगेतून पत्नी म्हणाली, “ते करडई नाही. ते माझी साडी आहे.”

रानडुकरांनी बुजावे म्हणून शेताभोवती जुन्या साड्या बांधतात, हे मला ठाऊक होते. दिवाळीत पत्नीने भावजयीला साड्यांचे गाठोडे दिले, ते उचलून गाडीत ठेवणाराही मीच होतो.

“नक्की का वहिनी?” मंडळाचे अध्यक्ष म्हणाले. त्यांचा गावात फोटो स्टुडिओ आहे.

“हाव! काठ दिसून राह्यला ना. मोठं करा बरं.”

त्यांनी चित्र मोठे केले. नारिंगी साडी, आणि काठावर अंधुक मोर.

“सर, मोर सापडला!” मागून कुणीतरी ओरडले. “पक्षी विभागात टाका!”

सभागृह हसत असताना पत्नीचा चेहरा मात्र बदलला. “म्हणजे हे आपल्या उंद्रीचं वावर. तुम्ही उंद्रीले गेले अन् घरी नाही गेले? चहालेही?”

माझ्या कागदावर छाया आणि समतोल हे दोन मुद्दे अजून शिल्लक होते. मी कागदाची घडी घातली.

अध्यक्षांनी निकाल दिला. “फोटो चांगला आहे सर. पण बोलणं नापास. पुढच्या बैठकीत पुन्हा उभं राहा, मग लावू.”

घरी मी ते छायाचित्र पुन्हा पाहिले. एका ठिकाणी वाऱ्याने पट्टा उचलला आहे आणि त्याखालून थोडा उजेड आत आला आहे. त्या सकाळी स्कूटर थांबवली ती यासाठीच. करडई अशी उचलली जात नाही, हे समजायला विद्वत्ता लागत नव्हती. उलट न समजायला ती बरीच खर्ची पडली. आता बोलायचे ते एवढ्याविषयीच, असे मी मनाशी ठरवत होतो.

तोवर पत्नीने भावाला फोन लावला होता. सगळे ऐकून घेऊन मेव्हणा म्हणाला, “भाऊजी, साडी डुकरांसाठी बांधली होती. तुम्ही काऊन बुजले?”

याचे उत्तर लवकर सुचायला हवे, कारण मंडळाच्या बैठकीआधी रविवारी उंद्रीला जेवायला जायचे आहे, आणि तिथे पानावर बसून, कागदाशिवाय बोलावे लागणार आहे.