डिटोनेटर मागच्या गाडीत

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी घाटकोपरच्या बाजारात मेथी घेत होते. वहिनी एवढंच म्हणाली, "सुमन, ये गं. टेबलावरच डोकं ठेवलंय त्यांनी." मुलुंडला पोचले तर टेबलावरचा दिवा चालूच, भिंग कपाळावर सरकलेलं, आणि समोर त्याने बनवलेला तो वीतभर जर्मन ट्रक... सहा आठवडे झाले. रडून झालंय माझं. आता मला माझ्या भावाबद्दल जरा टेचात बोलायचंय, आणि ते मी बोलणार.

दादा विक्रोळीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होता. पहिल्याच वर्षी प्रेसमध्ये त्याच्या डाव्या करंगळीचं पेर गेलं. कामाची घाई म्हणून कुणीतरी मशीनची संरक्षक जाळी काढून ठेवली होती. त्यानंतर रिटायर होईपर्यंत दादाच्या खात्यात जाळीशिवाय एक मशीन सुरू झालं नाही. साहेबांशी भांडला, बढती हुकली, पण हटला नाही. मग घरी बसल्यावर साडेनऊ बोटांनी त्याने हे खूळ घेतलं... दुसऱ्या महायुद्धातले छोटे छोटे देखावे, खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाचे. परदेशातून किट मागवायचा. त्यांत रणगाडे-बिणगाडे नसत, नुसता जर्मन दारूगोळा: शर्टाच्या बटणाएवढे भूसुरुंग, लाकडी दांड्याचे हातबॉम्ब, त्यांच्या पेट्या, आणि पेट्यांवर चिकटवायची भिंगाशिवाय न दिसणारी अक्षरं. शेजारी विचारायचे, यंदा गणपतीपुढे हेच का? वहिनी तर सगळ्याला मिळून "तुमचे ते फटाके" म्हणायची. मी एकदा सरळच विचारलं, "अरे, एवढं जग सोडून जर्मनांचे बॉम्ब कशाला?"

"युद्ध त्यांनी वाईटच केलं गं," तो म्हणाला. "पण पेटी उचलणारा कुणीतरी पोराबाळांचाच माणूस असतो ना." मला तेव्हा काही ते पटलं नाही.

गेल्या वर्षी बोरिवलीच्या एका हॉलमध्ये अशा मॉडेलवाल्यांचं प्रदर्शन होतं आणि दादाचा देखावा पहिल्यांदाच निवडला गेला. दोन वर्षांचं काम होतं ते. चिखलाचा उतार, सुरुंगांनी भरलेला ट्रक, आत एकटा ड्रायव्हर, टोपी मागे सारलेला. मी सासरचं सगळं गणगोत गोळा केलं होतं. प्रदर्शन दोन दिवसांवर आलेलं आणि याचा फोन, "सुमन, मी नाही नेत. वाट लागली." काय तर, सुरुंग वाहून नेताना त्यांत डिटोनेटर बसवलेले नसतात. स्फोट सुरू करणारी ती टोपी वेगळी न्यायची आणि सुरुंग पुरायच्या जागी गेल्यावरच बसवायची. किटमधल्या सुरुंगांवर त्या टोप्या आधीपासूनच होत्या, आणि दादाने रंगाच्या नादात सगळे तसेच ट्रकमध्ये चिकटवले होते.

मी भडकले. "मोहरीएवढी टोपी ती. कुणाला दिसणारे?"

"ड्रायव्हरला," तो म्हणाला.

"प्लॅस्टिकचा आहे तो, दादा."

"असू दे ना. खड्ड्यातनं गाडी त्यालाच न्यायचीय."

मी फोन आपटला. पंधरा दिवस बोलले नाही त्याच्याशी, आणि त्याची मला आता लाज वाटते. बोरिवलीला त्याच्या नावाची चिठ्ठी लावलेलं टेबल रिकामंच राहिलं. त्यानंतर वर्षभर दादा एकेक सुरुंग सोडवून ब्लेडने टोपी तासत बसला. तासलेला भाग पुन्हा रंगवायचा, पुन्हा चिकटवायचा. त्याशिवाय एक दुसरी छोटी गाडी बनवली, वेगळ्या पाटावर, आणि डिटोनेटरची इवलीशी पेटी त्या गाडीत ठेवली. शेवटचा सुरुंग त्या सकाळी बसवून झाला होता. ट्रकमध्ये एकही जागा रिकामी नव्हती, मी मोजून पाहिलं.

यंदाच्या प्रदर्शनाला आपण न्यायचं, असं वहिनीच म्हणाली. मागच्या रविवारी टॅक्सी बोलावली, ट्रकचा पाट मांडीवर घेऊन मी मागे बसले. शेजारी भरपूर जागा होती. म्हटलं, "ये वहिनी, तो छोटा पाट घेऊन बस इथे." वहिनी फुटपाथवरून हलेना. पाट पदराखाली धरलेला.

"एका गाडीत नको," ती म्हणाली. "त्यांनी वर्ष घातलंय त्यात."

मी एरवी कुणाचं ऐकून घेणारी नाही. गुपचूप दुसरी टॅक्सी बोलावली. लिंक रोडने वहिनीची गाडी माझ्या मागे, चांगलं अंतर ठेवून. प्रत्येक खड्ड्याला मी "हळू, हळू" करत होते, तेव्हा ड्रायव्हरने आरशातून बघत विचारलं, "ताई, आहे काय त्यात एवढं?"

"सुरुंग आहेत," मी म्हटलं. "पण तुम्ही बिनधास्त चला. माझ्या भावाने डिटोनेटर काढून मागच्या गाडीत ठेवलेत."