पाच पाऊणे पावणेचार

माणसाच्या जातीला आजवर जेवढ्या म्हणून गोष्टी करता आल्या, त्या सगळ्या आमच्या आत्याच्या यजमानांना येत होत्या. आणि ज्या येत नव्हत्या त्या मुळात अस्तित्वातच नाहीत, असं त्यांचं ठाम मत होतं. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. कोल्हापूरची अख्खी शिवाजी पेठ मामा म्हणायची. पेठेतली दोन-चार कुत्री बोलायला शिकली असती, तर तीही मामाच म्हणाली असती, कारण शिट्टी वाजली की डावीकडे वळायचं, हे त्यांना मामांनीच शिकवलं होतं. पोटासाठी मामा एका कचेरीत आवक-जावक कारकून होते, पण ते दहा ते पाच. उरलेल्या वेळात ते रानात असत, आणि रान लांब असेल तर रान घरी आणत.

घरात काडेपेटीला बंदी होती. सकाळचा स्टोव्ह मामा चकमक घासून पेटवणार, म्हणजे पेटवणारच. पावसाळ्यात चकमक सर्दावली की आत्याचा पहिला चहा साडेदहाला व्हायचा. मामा तोवर बिनचहाचे कचेरीत गेलेले असायचे, आणि ते कोपऱ्यावरून वळले की आत्या पिठाच्या डब्यातली काडेपेटी काढायची. ही गोष्ट पेठेत सर्वांना माहीत होती, मामा सोडून. गाठी मारण्याचा तर त्यांना नादच होता. एकदा शेजाऱ्याची म्हैस त्यांनी स्वतःच्या गाठीनं बांधली. ती गाठ तालमीतल्या सात पैलवानांना सुटली नाही. शेवटी दावं कापावं लागलं, आणि म्हशीच्या गळ्यात ती गाठ दागिन्यासारखी राहिली ती राहिलीच. वाट विचारणं हा तर त्यांच्या लेखी गुन्हा. मलकापूरच्या पुढं एका लग्नाला जाताना ते एसटीतून मध्येच उतरले, "हितनं सरळ रानातनं गेलं की मांडवातच निघतंय," म्हणाले, आणि निघाले ते दुसऱ्या दिवशी दुपारी, वऱ्हाड परतल्यावर. मात्र हातात मधाचं अख्खं पोळं होतं. नवऱ्या मुलीचा बाप रागावायला पुढं आला आणि मध चाटत मागं गेला.

असल्या माणसाच्या मागं पेठेतली पोरं लागणार नाहीत तर काय. दर रविवारी तेरा ते सोळा वयाची आम्ही अकरा जणं त्यांच्याबरोबर पन्हाळ्याच्या आसपासचे डोंगर तुडवायचो. कुठला पाला खायचा, ओल्या लाकडाचा जाळ कसा करायचा, उन्हावरून दिशा कशी ओळखायची, हे शिकायचो. पण आमच्या या रविवारच्या वर्गाला जागा नव्हती. दोर, तंबू, भांडी आत्याच्या पलंगाखाली, आणि आत्या आता पलंगासकट घराबाहेर जायच्या बेतात. आमच्या तालमीच्या मागं एक खोली रिकामी पडली होती. मामांचा जीव त्या खोलीवर जडला होता. येता-जाता ते खिडकीतून आत डोकावून बघायचे, स्थळ बघायला आल्यासारखे.

तालमीचे वस्ताद म्हणजे थोडं बोलणारे आणि बोललेलं न फिरवणारे. एका संध्याकाळी मामांनी त्यांच्यासमोर विषय काढला. वस्ताद म्हणाले, "डोंगर काय, शेरडं बी चढत्यात. खोली तालमीची हाय. पोरं तयार हायती हे दिसू दे की."

मामांना चेव आला. "समुद्रातल्या बेटावर चार दिवस ऱ्हाऊन दाखवतो. दुकान न्हाय, घर न्हाय, कुणाची मदत न्हाय."

"कुणाच्या दारात गेलास तर?"

"तर खोलीचं नाव परत काढणार न्हाय."

"ठरलं," वस्ताद म्हणाले. आणि त्या मे महिन्यात आम्ही निघालो.

स्टँडवरच झडती झाली. आयांनी दिलेले लाडू, चिवडा, दशम्या सगळं परत गेलं. माझा मित्र बाळ्या ढसाढसा रडला. समुद्राची भीती म्हणून नव्हे, लाडवांसाठी. आजऱ्याला गाडी थांबली तर काजूंकडं बघायलासुद्धा बंदी. तांदूळ, डाळ, गोड्या पाण्याच्या दोन कळशा, एवढंच न्यायचं. नंतर मामांच्या पिशवीत कांदा-लसूण चटणीची बरणी सापडली. विचारलं तर म्हणाले, "ते अन्न न्हाय. ते हत्यार हाय."

बेट किनाऱ्यापासून फार लांब नव्हतं, पण मी आजवर ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांना ते अर्ध्या समुद्रात आहे असंच वाटतं. मधोमध खडकाची टेकडी, तिच्या माथ्यावर वाऱ्यानं वाकलेली नारळाची चार झाडं, आणि खाली ही एवढी रुंद, गुळगुळीत, पांढरी वाळू. सकाळी नऊला होडीवाल्यानं उतरवलं. जाताना टेकडीकडं बोट करून तो म्हणाला, "वयर ऱ्हवा हां." मामा हसले. "पावणं, आम्ही पंचगंगेची माणसं. आम्हाला पाण्याचं शिकवू नका."

आणि पंचगंगेच्या काठावर करावा तसा, पाण्यालगत, सपाटीला मुक्काम केला. चूल खणली, तंबू ठोकले, कळशा वाळूत रोवल्या. पलीकडच्या खडकांवर एक कोळीण वाकून कालवं काढत होती, तिची लहानशी होडी खडकाला बांधलेली होती. बाळ्या हात हलवायला लागला, तसा मामांनी त्याचा हात खाली ओढला. "तिकडं बघायचं न्हाय. ती मदत हाय."

दुपारी बारा-साडेबाराला भात शिजत आला आणि चुलीला ओल आली. मामांनी खाली वाकून बघितलं. मग कोल्हापूरचा माणूस पुराच्या दिवसांत नदीच्या घाटावर जे करतो ते त्यांनी केलं: पाण्याच्या कडेला एक दगड ठेवला. पाणी चढतंय की उतरतंय हे त्यावरून कळतं. विडी ओढून होईतो दगड पाण्यात. दुसरा ठेवला, तोही गेला. तिसरा गेल्यावर मामा ताठ उभे राहिले आणि गंभीर आवाजात म्हणाले, "राधानगरी धरणाचं दार उघडलं."

आम्ही वर बघितलं. ऊन असं होतं की खडकावर भाकरी भाजली असती. मी म्हणालो, "मामा, मे महिना हाय."

"घाटावर वळीव झाला असंल."

"पण मामा, हा समुद्र हाय."

"मग? पाणी येतंय कुठनं? वरनंच की."

आमच्या गावाकडं पाणी चढतं ते पुरानं, आणि पूर एकदा आला की तीन-चार दिवस ठाण मांडतो, हे आम्हालाही पक्कं माहीत होतं. बघता बघता चूल विझली, भाताचं पातेलं डुलत निघालं, तांदळाचं पोतं भिजलं आणि एक कळशी गेली. दुसरी घेऊन आम्ही टेकडीवर चढलो. अडीचच्या सुमाराला ती एवढी रुंद वाळू नाहीशीच झाली. अकरा पोरं, एक कळशी पाणी आणि मामांच्या हिशेबानं अजून तीन दिवस चढणारा पूर. लहानातला लहान रडायला लागला. मग त्याला सोबत म्हणून बाकीचे.

मामांनी धोतर खोचलं, कमरेला दोर बांधला. पुराच्या पाण्यात या घाटावरून त्या घाटावर जाणारा माणूस तो. "एकेकाला पाठीवर घिऊन पलीकडं किनाऱ्याला सोडतो," म्हणाले, आणि पहिला नंबर माझा लावला, कारण मी सर्वांत हलका. मी त्यांच्या मानेला मिठी मारली. पाणी त्यांच्या छातीला लागलं आणि ते थांबले. मला त्यांच्या पाठीतून कळलं. पाणी खालून ओढत होतं, एकदा इकडं, एकदा तिकडं. नदी असं करत नाही. नदीला एकच दिशा असते. मामा किती वेळ तसे उभे होते मला सांगता येणार नाही. एरवी मी काहीतरी आकडा ठोकून दिला असता. मग ते एकेक पाऊल मागं सरकत परत आले, मला खडकावर ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पोरांनो, हे पाणी माझ्या ओळखीचं न्हाय."

त्यांच्या तोंडून 'न्हाय' हा शब्द स्वतःबद्दल आलेला आम्ही प्रथमच ऐकला. पलीकडच्या उतारावर ती कोळीण कालवं फोडत निवांत बसली होती. मामांनी एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा आमच्याकडं. त्यांच्या डोळ्यांपुढं ती खोली असणार, हे आम्हाला सगळ्यांना समजत होतं. बाळ्या हळूच म्हणाला, "मामा, आम्ही काय कुणाला सांगत न्हाय." मामा खडकावरून चढत-उतरत गेले आणि तिच्यापुढं हात जोडून उभे राहिले.

"अक्का, पूर कवा उतरंल?"

बाई आधी हसली, मग आमचे चेहरे बघून हसायची थांबली. "पूर नाय रे बाबा. भरती ती. इली तशी जातली. आज तिथ खंयची?"

"पंचमी," मामा म्हणाले.

"मगे पाऊणकी येता मां? तिथीची पाऊणकी करूची, तेवढ्या वाजता पाणी भरता. मगे उतरता."

मामांनी मान खाली घातली. "मला न्हाय येत." आमच्याकडं वळले. "कुणाला येतीय?"

पाऊणकी म्हणजे पाऊणचा पाढा. आमच्यात तो एकट्या बाळ्याला येत होता. सातवीत दोनदा बसलेला, पण आजोबांनी पाढे छडीनं अंगात मुरवलेले. तो हुंदके देत म्हणाला, "एक पाऊण पाऊण, दोन पाऊणे दीड, तीन पाऊणे सव्वादोन, चार पाऊणे तीन, पाच पाऊणे पावणेचार."

मामांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं, खाली जाऊन पाण्याकडेला नवा दगड ठेवला आणि त्याच्याशेजारी बसून राहिले. पावणेचारला पाणी दगडापाशी थबकलं. चारला दगडापुढचा बोटभर खडक ओला उघडा पडला. बाळ्याला आम्ही खांद्यावर घेतलं. गणितासाठी त्याला खांद्यावर घेण्याचा हा पहिला आणि शेवटचा प्रसंग.

पुढचे तीन दिवस ती बाई ओहोटीला यायची आणि आम्हाला शिकवायची. भरतीच्या रेषेच्या वर कुठं खणलं की गोडं पाणी लागतं, कालव खडकापासून कसं सोडवायचं, नारळाच्या सोडणाचा विस्तव दिवसभर कसा धुमसत ठेवायचा. पहिल्या रांगेत मामा बसायचे, मांडी घालून, आणि प्रश्न विचारताना हात वर करायचे. चटणीची बरणी त्यांनी गुरुदक्षिणा म्हणून तिला दिली. ती चाखून बाईंना अर्धा तास बोलता येईना, म्हणून एका दिवसाचा तास बुडाला.

परतताना एसटीत आम्ही अकरा जणांनी शपथ घेतली, बाईचं नाव काढायचं नाही. वस्तादांना सांगायची हकिकत मी रचून ठेवली होती. तिच्यात दोन मगरी आणि एक वादळ होतं. तालमीत सगळी पेठ जमली होती. आमच्या आया आमची काळवंडलेली तोंडं चाचपत होत्या. वस्तादांनी आम्हाला एकेकाला आगटी पेटवायला लावली. अकराच्या अकरा पेटल्या. ते मनापासून खूश झाले. "पोरं तयार हायती. कुणाच्या दारात गेला न्हाईस न्हवं?"

मी मगरींना हात घालणार, तेवढ्यात मामा म्हणाले, "गेलतो."

आमच्या आयांचे चाचपणारे हात थांबले.

"एका अक्काच्या. भरतीचं गणित मला येत नव्हतं. हात जोडून शिकून घेतलं."

वस्तादांनी पायानं लाल माती सारखी केली. "न सांगता भागलं असतं की, गड्या."

"व्हय. भागलं असतं."

पण शब्द तो शब्द. खोलीत पुढं फुटबॉलच्या जाळ्या आणि मांडवाचे बांबू आले. मामा तालमीतून बाहेर पडले, त्यांच्यामागून आम्ही अकरा जण, अशा ऐटीत की बघणाऱ्याला वाटावं आम्ही फड मारून निघालोय. खरंच तसं वाटत होतं. वर्ग पुढं कितीतरी वर्षं चालला, बिनखोलीचा. दर वर्षी मे महिन्यात नवी पोरं त्या बेटावर गेली, आणि दोर, तंबू, भांडी आत्याच्या पलंगाखालीच राहिली.

मामा खूप थकल्यावर एकदा भेटायला गेलो. शेंगा फोडत बसले होते. बोलता बोलता मी विचारलं, "मामा, त्या दिवशी गप्प बसला असता तर?"

"तर खोली मिळाली असती," मामा म्हणाले, "आणि तुम्ही अकरा जणं माझ्याकडनं खोटं बोलायला शिकला असता. ते आपल्या वर्गात नव्हतं, बघ." त्यांनी चार दाणे माझ्या हातावर ठेवले आणि चार स्वतःच्या तोंडात टाकले.

"खोली चांगली होती पण," ते म्हणाले. "सकाळचं ऊन यायचं आत."