सतरावा सोमवार

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी गॅसवर भरताची वांगी भाजत होते. पाचोऱ्याहून अक्काची सून, शोभावहिनी बोलत होती. "मंगलताई, अक्का गेल्या," एवढंच म्हणाली. त्यावर मी काय केलं असेल, तर वांगं उलटलं. खोटं कशाला सांगू? माझी सख्खी आत्या, जिच्या कडेवर बसून मी पाचोऱ्याचा अख्खा बाजार पाहिला, ती गेली आणि माझा हात सवयीने चिमट्याकडे गेला... नंतर रडले, पुष्कळ रडले. पण आधी वांगं उलटलं. याला सहा महिने होत आले, तरी भरीत करायला घेतलं की अजून ओशाळल्यासारखं होतं.

अक्का म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, पण तिला आत्या असं कोणीच म्हटलं नाही. मुलगा, सून, दूधवाला, समोरचे दुकानदार शेठजी, सगळ्यांची ती अक्का. खापरावरचे मांडे करावेत तर तिनेच. पुरण भरलेला गोळा या हातावरून त्या हातावर झुलवत ती पार कोपरापर्यंत पसरवायची आणि पालथ्या खापरावर अलगद टाकायची. पाहणाऱ्याचा श्वास अडकायचा, तिचा नाही. तर तोच हात सव्वादोन वर्षांपूर्वी मनगटात मोडला. पडली कशी? नळाच्या कट्ट्यावरून, वीतभर उंचीवरून. एवढ्याशा पडण्याने हाड मोडतं म्हणजे काहीतरी गडबड आहे, असं म्हणून मी तिला जळगावला डॉक्टरांकडे नेलं. आमच्या घराण्यात अर्धी डॉक्टर मीच. माझी पात्रता एवढीच, की औषधाच्या डबीतला घडी घातलेला कागद मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचते.

मशीनवर तपासणी झाली. हाडं ठिसूळ झालीत, डॉक्टर म्हणाले. आठवड्यातून एकदाच घ्यायची एक गोळी त्यांनी लिहून दिली आणि ती कशी घ्यायची हे दोनदा सांगितलं. सकाळी उठल्याबरोबर, उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची. मग अर्धा तास ताठ बसायचं नाहीतर फिरायचं. त्या अर्ध्या तासात चहा नाही, खाणं नाही, दुसरं औषध नाही आणि आडवं तर मुळीच व्हायचं नाही, कारण गोळी अन्ननलिकेत अडकली तर आतून भाजते. कॅल्शियमची गोळी वेगळी, दुपारच्या जेवणानंतर. दात काढायचा आहे का, हेही त्यांनी विचारलं. गिळताना दुखलं, छातीत जळजळलं किंवा मांडी दुखायला लागली तर गोळी थांबवून लगेच या, आणि तसं काही झालं नाही तरी तीन-चार महिन्यांनी दाखवायला याच, असं बजावलं. मी मान हलवत होते. 'किती दिवस घ्यायची?' हे तेवढं विचारायचं राहिलं... पाचोऱ्याच्या गाडीत मी कागद वाचायला घेतला. जबड्याच्या हाडाचं काय होऊ शकतं, मांडीचं काय होऊ शकतं, सगळं वाचलं. पाचोरा येईपर्यंत माझाच जबडा दुखायला लागला होता. गोळी मात्र अजून पिशवीत होती.

पहिली गोळी अक्काने चहाबरोबर घेतली आणि थंडी वाजते म्हणून पुन्हा गोधडीत शिरली. दोन दिवस छातीत जाळ. फोनवर मला म्हणाली, "माले नई पाहिजे तुनी गोयी. छातीमा आग लागी गई." डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, जळजळ पूर्ण जाऊ द्या, मग नीट पद्धतीने एकदा घेऊन बघा, पुन्हा त्रास झाला तर औषध बदलू. मी पाचोऱ्याला गेले. अक्का ऐकेना. तेव्हा मला माझ्या आयुष्यातली सगळ्यात हुशार कल्पना सुचली. म्हटलं, "अक्का, तू सोमवार करतेस ना? मग ही गोळी सोमवारची. व्रतच समज. व्रतात नेम मोडला की फळ नाही, तसंच हे."

अक्काने पदर सावरला. मग म्हणाली, "असं पहिलेच सांगानं ना."

तेव्हापासून तिने जो नेम पाळला, तो डॉक्टरांनाही जमला नसता. सोमवारी उठायचं, चूळ भरायची, गोळी घ्यायची, तांब्यातलं पाणी मोजून ग्लासभर प्यायचं, आणि ओट्यावरच्या हाताच्या लाकडी खुर्चीत पूर्वेकडे तोंड करून बसायचं. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर, फोटो काढायला बसल्यासारखी. डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं तेही तिने लावून घेतलं, अर्धा तास मौन. कोणी काही विचारलं की फक्त तळहात वर करायची. दूधवाला आवाज न करता पातेल्यात दूध ओतून जायचा. वहिनी म्हणायची, "मंगलताई, आठवड्यातून तेवढा अर्धा तास गल्लीत शांतता असते. रोजची गोळी मिळत नाही का हो?" हा किस्सा मी तीन लग्नांत आणि एका बारशात सांगितला. लोक हसायचे. मी स्वतःवर फार खूश होते.

काही महिन्यांनी तिने आम्हा नवरा-बायकोला जेवायला बोलावलं. मनगट बरं झालं होतं आणि खापर पुन्हा चुलीवर चढलं होतं. आधी हातावर चुरम्याचा प्रसाद, मग मांडे. "काय विशेष, अक्का?" मी विचारलं. "व्रत पुरं व्हई गयं," ती म्हणाली, "जेवी ले." सोळा सोमवारांचं उद्यापन असेल असं मला वाटलं. अक्काची व्रतं चालूच असत. मी तीन मांडे खाल्ले, 'आमच्या यांनी' चार. निघताना चुरम्याचा डबाही घेतला.

त्यानंतर सव्वा वर्षाने ती घरात पडली. या वेळी खुब्याजवळ मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण अंथरुणातून उठणं काही होईना. छातीत कफ साठला आणि तिसऱ्या आठवड्यात गेली. दहाव्याला कोणीतरी म्हणालं, त्या गोळीनेच हाड मोडलं, मोबाईलवर आलं होतं तसं. मांडीचं मीही वाचलं होतं ना, छापील कागदावर. आणि गोळी घ्यायला लावणारी मीच.

तेराव्यानंतर वहिनी देव्हारा पुसत होती. देवांखालच्या लाल कापडातून तिने काहीतरी काढलं. "हे काय हो देवात?" गोळ्यांची चार रिकामी पाकिटं होती, एकावर एक रचून लाल दोऱ्याने बांधलेली. प्रत्येकात चार खळगे. मी मोजले. पुन्हा मोजले... पहिल्या वेळची गोळी सुटी आणली होती; व्रत ठरल्यावर, सारखं दुकानात जायला नको म्हणून चार पाकिटं एकदम मीच आणून दिली होती. पुढची वहिनी आणेल, डॉक्टरांना दाखवायलाही तीच नेईल, असं मी धरून चालले होते. वहिनी म्हणाली, "मी विचारलं होतं, गोळ्या संपल्या का? तर म्हणाल्या, मंगलने सांगितलं तसं पुरं झालं. मला वाटलं, तुम्ही डॉक्टरांना विचारलं असेल." मी सोळा कधीच म्हटलं नव्हतं. सोमवार आणि व्रत एवढंच म्हटलं होतं. पण आमच्याकडे त्याच्या पुढचा आकडा सांगावा लागतो का?

म्हणजे मी औषधाच्या उद्यापनाला जेवले होते. वर डबाही आणला होता. आता मला काही समजेना. कालपर्यंत मी दोषी होते गोळी घ्यायला लावली म्हणून, आजपासून ती थांबवायला लावली म्हणून. दोन्ही टोकांना मीच उभी.

शेवटी पाकिटं घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी दोरा न सोडता ती पाहिली. म्हणाले, "मांडीचा तो त्रास बहुधा बऱ्याच वर्षांनी होतो, आणि क्वचित. सोळा गोळ्यांनी हे झालं नसावं."

"आणि चालू ठेवली असती तर वाचली असती?"

"तेही सांगता येणार नाही. धोका कमी झाला असता. पडणं थोडंच थांबतं?"

"मग जन्मभर घ्यायची का?"

"तसंही नाही. काही वर्षांनी आम्हीच पुन्हा तपासतो, काहींची थांबवतोही. पण विचारून थांबवायची असते." मग त्यांनी विचारलं, "तुमचं वय काय? पाळी जाऊन किती वर्षं झाली?"

अक्काचं उत्तर शोधायला गेले आणि तपासणीचा कागद घेऊन बाहेर आले. माझीही हाडं आत्यावर गेलेली निघाली, आणि मलाही तीच आठवड्याची गोळी लिहून मिळाली. यावेळी मी सगळं लिहून घेतलं. 'किती दिवस?' हे सगळ्यात वर. पुढच्या भेटीची तारीख कॅलेंडरवर मांडली. पुढच्या गोळ्या कोणी आणून देईल असं धरलेलं नाही. पण मन अजून जागेवर नाही. अक्काच्या त्या सोळा सोमवारांत मी तिला फसवलं, की सांभाळलं? ती किती मानाने बसायची त्या खुर्चीत... त्या मानाचं मी काय करू?

खुर्ची वहिनीने मला दिली. आमच्या जळगावच्या गॅलरीत ती मावत नाही, एक पाय उंबऱ्यावर चढतो, पण पाठ ताठ राहते. काल सोमवार होता. नव्या पाकिटातली पहिली गोळी काढली, मोजून ग्लासभर पाणी प्याले, पूर्वेकडे तोंड करून बसले. माझा हा सतरावा सोमवार.

दहा मिनिटांनी 'हे' चहाचा कप घेऊन दारात आले. "अजून किती वेळ?"

बोलायला डॉक्टरांची मनाई नाही. तो नेम अक्काचा. मी फक्त तळहात वर केला.