पाणी ठीक आहे

दादाचं शेततळं आणि माझा मोबाईल, अशी आमची भागीदारी होती. माशांकडे तो बघायचा, मासे घेणाऱ्या कंपनीच्या वेबसाइटकडे मी. तिथे रोज सकाळी एक फॉर्म भरायचा: पाण्याचा रंग, वास, मासे कसे आहेत. आसपासच्या सगळ्या तळ्यांचे फॉर्म बघून मासे न्यायची गाडी आधी कुठे पाठवायची, ते ठरायचं. बर्फ गाडीतच असायचा, म्हणून ती आल्यावरच जाळं टाकायचं.

फॉर्म म्हटला की आमच्या घरात एकच उत्तर: ठीक. रेशनचा असो की शाळेचा, अडचण लिहिली की माणूस चौकशीत अडकतो, हे बाबांनी शिकवलेलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी तर बाबांच्याही पुढचा. तळ्यावर न जाता, चहा पिता पिता कालचीच उत्तरं आज पाठवायचो.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस तीन दिवस आभाळ भरून राहिलं, वारा पडला. दादा रोज सांगायचा, "पाणी लयच हिरवं झालं बे. वास येऊन राह्यला. लिहिजो." मी मान डोलावायचो आणि 'ठीक' लिहायचो. बिघडलेल्या पाण्यातले मासे कोण घेईल? आपला नंबर मागे जाईल, एवढंच माझ्या डोक्यात.

चौथ्या दिवशी उजाडताच वहिनी धावत आली. मासे वर येऊन तोंडं उघडत होते. पाण्यात हवा मिसळावी म्हणून दादा काठावरून बांबूने पाणी बडवत होता.

"गाडी कुठी हाये, पाय!" तो ओरडला.

मी मोबाईलवर पाहिलं; गाडी शेजारच्या आंजी गावात दिसत होती. मी बाजूला जाऊन ड्रायव्हरला फोन लावला.

"तुमचं तर ठीक लिहून हाये ना भाऊ," तो म्हणाला. "इथलं पाणी बिघडलं, म्हणून पयले इकडे पाठवलं. बिघडलेलं पयले, असाच नियम हाये."

मी फोन खिशात घातला. दादाने पुन्हा विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "येऊन राह्यली." खरं सांगितलं असतं, तर त्याने निदान जाळं टाकून जमतील तेवढे मासे गावात विकले असते. माझ्या शब्दावर तो बडवत राहिला. हातांना फोड आले, तरी थांबला नाही. उन्हं वर येईपर्यंत मरून उलटलेल्या माशांनी सगळं तळं पांढरं झालं. त्या दिवसाइतकी स्वतःची किळस मला कधी आली नाही.

गाडी दुपारी आली आणि रिकामीच परतली.

संध्याकाळी आम्ही खड्डा खणला. मासे फावड्याने आत लोटता लोटता दादा थांबला.

"तू तर रोज लिहत होता ना बे?"

"हो."

"मंग त्याईनं वाचलं काऊन नाई?"

त्यांनी अक्षर न् अक्षर वाचलं होतं. हे मी त्याला आजवर सांगितलेलं नाही.