पापाचा कडबा

“दया ठेव तुन्हापाशी, कडबा धाड.”

हे म्हणताना म्हातारी समोरच्याच्या तोंडाकडे कधी बघायची नाही, पायांकडे बघायची. पायात चप्पल दिसली की थुंकायची. चपलेवर नाही, अगदी शेजारी. चप्पल घालून गोठ्यात येणारा माणूस शेणाला हात लावत नाही, हे तिचं शास्त्र होतं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्या पायात लाल पट्ट्यांची नवीकोरी चप्पल होती.

शहाद्याहून लोणखेड्याकडे जाताना गोमाई नदीच्या काठी तिचा गोठा होता. गुजर घरातली विधवा. दिरांनी वाटणीत चांगली केळीची जमीन ठेवून घेतली आणि हिला एक मोडका गोठा अन् काट्याकुट्यांचा तुकडा दिला. त्यात तिने लोकांनी टाकलेली जनावरं गोळा केली. खांदे सुजलेले बैल, आटलेल्या गाई, टांग्याचं एक आंधळं घोडं आणि कुंभाराचं एक गाढव. गाढवाचे पाय चार होते, पण ते तिनांवरच चालायचं.

ही जनावरं कोणी उघडपणे आणून देत नसे. पहाटे लोक हळूच यायचे, दावं कुंपणाला बांधायचे आणि पळ काढायचे. म्हातारी मागून ओरडायची, “आते बापले बी आठेच बांधी जा रे!” पळणारा सहसा चांगल्या घरचा असायचा. गरिबाला बैल टाकणं परवडत नाही, हे तुम्हीही पाहिलं असेल.

पण तिचं खरं कसब पोळ्याच्या दिवशी दिसायचं. गावभर शिंगं रंगवलेले, झुली घातलेले बैल दारोदार फिरत. त्यांच्या मागून ही आपले लंगडे बैल घेऊन निघायची, आणि ज्याने जो टाकला त्याच्याच दारात तो उभा करायची. “तुन्हा बैल घर उना शे. पाय धोय त्याना.” सणाचा दिवस, दारात बैल, शेजारणी उंबऱ्यावर. नाही म्हणायची कोणाची छाती? घरमालकीण खाली मान घालून बैलाचे पाय धुवायची, कुंकू लावायची, खापरावरची पुरणपोळी खाऊ घालायची. मालक आतून सुपं भरून दाणे काढून द्यायचा. चोराने चोरी परत करावी तसा चेहरा करून.

आता माझ्याविषयी. मी धुळ्याहून लग्न होऊन आले होते. सातवीची फायनल पास, महिला मंडळाची चिटणीस, आणि मूर्ख. माझ्या अंगी भूतदया इतकी होती की घरात झुरळ निघालं तर ते मारायला मी मोलकरणीला हाक मारायची. सासरे सरकी-ढेपेचे, म्हणजे गुरांच्या पेंडीचे, व्यापारी. अर्ध्या तालुक्याच्या म्हशी त्यांच्या ढेपेवर दूध द्यायच्या, पण म्हातारीच्या गोठ्यात त्यांनी कधी मूठभर सरकी पाठवली नव्हती. मलाही ते कधी खटकलं नव्हतं. मला खटकलं ते असं की गोठ्याला पाटी नव्हती.

“आजी,” मी म्हटलं, “आपण इथे छान पाटी लावू. ‘मूक प्राणी सेवा मंदिर’.”

“पाटी बैल खाई का?”

“तसं नाही हो. लोकांना कळेल.”

“लोकेसले कळस. म्हणून तं पहाटे येतस.”

मी हसले. मला वाटलं, अडाणी आहे बिचारी.

मग संक्रांत आली. आमच्याकडे गुजरातेतून आलेली चाल आहे, संक्रांतीला गाईगुरांना घुगरी घालायची. शिजवलेली ज्वारी, वर गूळ. घरोघरी वाटीभर घालतात, गाय दोन घास खाते आणि पुढच्या दाराला जाते. मी ठरवलं, यंदा सगळ्या गावाची घुगरी एकत्र करायची आणि गोठ्यात नेऊन घालायची. मंडळाच्या बायका पातेली डोक्यावर घेऊन वाजतगाजत निघाल्या. पुढे मी, काठापदराचं लुगडं नेसून. म्हातारी नेमकी चाऱ्यासाठी शेजारच्या खेड्यात गेली होती. आम्हाला बरंच वाटलं. पुण्य करताना कोणी टोकणारं नको असतं.

दोन महिने सुक्या काडीवर असलेली ती जनावरं. त्यांच्यापुढे आम्ही ढीग ओतले. ती तुटून पडली. बायका डोळे पुसायला लागल्या. मी भाषण केलं.

दुपारी म्हातारी परत आली तेव्हा तीन गाईंची पोटं नगाऱ्यासारखी तट्ट फुगली होती. तिने पदर खोचला, माझ्या हातात तेलाची बाटली दिली, आणि गाईचा जबडा उघडून म्हणाली, “वत.” मी तेल ओतत होते आणि रडत होते. ती गाईंना चालवत होती, डाव्या कुशीवर मुठी चोळत होती, पुन्हा चालवत होती. बाकीच्या बायका केव्हाच घरी गेल्या होत्या, लुगड्यांना शेण लागेल म्हणून. दिवस कलला तशा एकेक करून तिन्ही गाई मोकळ्या झाल्या. जगल्या.

मेली ती चौथीच. कोपऱ्यातली म्हातारी बोडकी गाय, चार दिवसांपासून न उठलेली. मी स्वतः तिच्या तोंडाशी वाटी धरली होती आणि तिने मान फिरवली होती. घुगरीचा एक दाणा तिच्या पोटात गेला नव्हता. ती आपल्या मरणाने मेली, फक्त दिवस चुकीचा निवडला.

गावात मात्र बोभाटा झाला. शेटजींच्या सुनेने गाय मारली. गोहत्या! सासऱ्यांचं जेवण सुटलं. सासूबाईंनी माझ्या हातचं पाणी बंद केलं. भटजी म्हणाले, प्रकाश्याला संगमावर स्नान करा, चांदीची गाय दान द्या. सासरे लगेच तयार झाले. चांदीची गाय त्यांना परवडत होती. चांदीच्या गाईला ढेप लागत नाही.

तेवढ्यात म्हातारी दारात येऊन उभी राहिली. तिच्या गोठ्यात तेव्हा चार दिवसांची काडी उरली होती आणि पावसाळा पाच महिने लांब होता. हे मला ठाऊक होतं, कारण तेलाची बाटली ठेवताना मी चाऱ्याची संपत आलेली गंजी पाहिली होती.

“गाय मन्ही मरनी, भटनी नही,” ती म्हणाली. “पाप फेडनं व्हई तं दर बाजारना दिन कडबानी एक गाडी. वर ढेपनं पोतं.”

“किती दिवस?” सासऱ्यांनी विचारलं.

“पाप फिटस तवलोंग.”

मग तिने माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच, पायांकडे नाही, तोंडाकडे.

“तू तठे व्हतीस ना? सांग. काय देखं तू?”

सगळं घर माझ्याकडे बघत होतं. एक वाक्य बोलले असते तर मी सुटले असते. बोडकीने घुगरी खाल्लीच नाही, एवढंच. मी फायनल पास होते, खोटं बोलणं मला अडाण्यांचं काम वाटायचं. आणि तरी मी पदर डोळ्यांना लावून म्हटलं, “वाटीभर खाल्ली हो तिने. माझ्याच हातून.”

जाताना ती माझ्या जवळून गेली आणि पुटपुटली, “आज शानी व्हयनी तू.”

आयुष्यात मला मिळालेलं एवढं एकच प्रशस्तिपत्र. फायनलचं सर्टिफिकेट वाळवीने खाल्लं.

गाडी सुरू झाली. आमचं बघून इतरांनाही आपापली पापं आठवली, आणि न आठवली त्यांना म्हातारीने आठवण करून दिली. कोणाची म्हैस दाव्याचा फास बसून मेलेली, कोणी वासराला दूध सोडलं नव्हतं. दयेवर तो गोठा एक महिना चालला नसता. पापावर तो वर्षानुवर्षं चालला. ती गोड कधीच झाली नाही. ढेप जुनी निघाली तर पोतं आमच्या ओट्यावर आणून आपटायची, “हाई तुन्हा सासराले चार!” बोडकीचा विषय मात्र आम्हा दोघींत पुन्हा कधी निघाला नाही.

ती गेली एका उन्हाळ्यात, दोन दिवसांच्या तापाने. तिच्या दिवसांना गावातले सगळे प्रतिष्ठित जमले. पहाटे पळणारेही. भूतदयेवर पाच भाषणं झाली. त्यातली दोन मीच पूर्वी केलेली होती, नुसती माणसं बदलली होती. गोठा तिच्या भाचीने घ्यायचं ठरलं. भाची भिडस्त होती. तिला कोणाला शिवी देता येत नव्हती.

बाजाराच्या आदल्या संध्याकाळी सासरे ओट्यावर बसले होते. थकले होते तेही. मला हाक मारून हळूच म्हणाले, “सूनबाई, म्हातारी तर गेली. आता गाडी बंद करावी म्हणतो. एवढ्या वर्षांत एका गाईचं पाप फिटलंच असेल, नाही का?”

मी त्यांच्यासमोर कधी मान वर करून बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले.

“नाही हो आबा,” मी म्हटलं. “गाय फार मोठी होती.”