हद्दू कुणासाठी लढला

स्पेनची माणसं आपसात लढली, त्यात समुद्राच्या या काठच्या आमच्या रिफच्या डोंगरातली पोरं कशाला मेली, असं हल्ली शहरातले विचारतात. कुणी धर्म म्हणतं, कुणी पगार. इतरांचं मला ठाऊक नाही बाई. माझा भाऊ हद्दू एका बकरीपायी लढायला गेला.

पाऊस रुसला होता. जव संपलं, आम्ही रानातली मुळं उकडून खात होतो. काइद, म्हणजे आमच्या टोळीचा मुखिया, स्पॅनिश साहेबांसाठी घरटी एक माणूस मागत होता. हद्दू काइदाच्या खेचरांना नाल ठोकायचा, म्हणून आमचं घर सुटलं. आणि त्याच साहेबांच्या विमानांनी आमचा बाप मारलेला. त्यांच्यासाठी कोण मरायला जातंय?

एका सकाळी तमिमुंत आली. तिच्या नवऱ्यानं पाटाच्या पाण्यावरून आमच्या थोरल्याला मारलं होतं, तेव्हापासून दोन्ही घरांत वैर. नवरा पुढे मेला, पण वैर राहिलं. ती बकरी ओढत येताना दिसली आणि मी ओळखलं. काठी घेऊन धावले, तोवर तिनं आमच्या उंबऱ्यावर सुरी फिरवलीसुद्धा. असं रक्त सांडलं की आमच्यात मागणं नाकारता येत नाही, मागणारा वैरी असला तरी. माझ्या एकुलत्या शाइबच्या जागी तू जा, म्हणाली.

"दादा, हिच्या घरानं आपला भाऊ खाल्लाय," मी म्हटलं. "ते रक्त ओलांड आणि आत ये."

हद्दूनं हातोडा खाली ठेवला. "पोराची आई दारात बसलीय गं. ओलांडू कसा?"

तो गेला. मी त्या बाईचं तोंड बघणं सोडलं. आणि तिचा तो दिवटा! पुढच्या वर्षीही पीक बुडालं, तेव्हा आईला न सांगता भाकरीसाठी आपणहून भरती झाला. हद्दूचं जाणं पाण्यात गेलं. पण तिकडे भेटल्यावर हद्दू त्याला एका शब्दानंही टाकून बोलला नाही. आपल्याच घोंगडीत घेऊन निजायचा. एब्रो नदीकाठी शाइब गोळी लागून मेला, तो हद्दूच्या शेजारीच.

लढाई संपल्यावर हद्दू लंगडत आला, तो आधी तमिमुंतच्या दारी. मी मागोमाग धावले. सगळं ऐकून तिनं एवढंच विचारलं, "पोट भरलेलं होतं का रे त्याचं?"

"होतं, मावशी. सकाळीच भाकरी नि मासे खाल्ले. मलासुद्धा दिले."

परतताना मी म्हटलं, चला, निदान पोटभर खाऊन तरी गेला. तसा हद्दू वाटेतच मटकन बसला आणि रडायला लागला. म्हणाला, कित्येक दिवस भाकरी पोचलीच नव्हती, पोरगं गवत चघळत होतं. देवाला काय सांगायचं ते मी सांगेन, पण तू तिला कधी बोलायचं नाहीस. माझ्याकडून शपथ घेतली.

तमिमुंत गेल्या हिवाळ्यात वारली, म्हणून आज बोलते.